ॲपडेटा कुठे गेला? न दिसणारे फोल्डर आणि न उघडणारे फोल्डर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवीन लॅपटॉप आलाय, जुन्यावर एक प्रोग्रॅम बरीच वर्षं वापरताय आणि त्याची सेटिंग्ज, तुम्ही तयार केलेले साचे 'ॲपडेटा' नावाच्या फोल्डरमध्ये असतात असं तुम्हाला कळलं. सी ड्राइव्ह, त्यात यूझर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, इथवर पोचलात. पुढे ॲपडेटा नाहीच. सर्चमध्ये नाव टाकलं तरी काही आलं नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून लपलेलं सगळं दाखवायचे पर्याय चालू केले. आता भलतेच फोल्डर दिसतायत आणि त्यातल्या 'ॲप्लिकेशन डेटा'वर क्लिक केलं की 'ॲक्सेस इज डिनाइड'. ॲडमिनिस्ट्रेटर तुम्हीच आहात, तरीही. म्हणून विचारताय, की परवानग्या बदलून फोल्डरची मालकी स्वतःकडे घेऊ का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नका घेऊ. जो फोल्डर तुम्हाला हवाय तो बंद नव्हताच, फक्त दिसत नव्हता. आणि जो उघडत नाहीये त्यात तुमचं काहीही नाही. न दिसणं आणि न उघडणं या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे. जुन्या मशीनवरून नव्या मशीनवर लोकांचं सामान हलवण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. त्यात फाइल्स हरवण्यापेक्षा या दोन गोष्टींची सरमिसळ करून चांगल्या चालत्या विंडोजच्या परवानग्या बिघडवून ठेवल्याचंच जास्त बघायला मिळतं.

पुढचं काही गोष्टींवर अवलंबून आहे, ते आधीच सांगतो. मशीन तुमचं स्वतःचं आहे असं मी धरून चालतोय. ऑफिसचं असेल तर यातले काही पर्याय तिथल्या आयटी विभागाने बंद केलेले असू शकतात आणि ते वळसा घालून उघडायचा प्रयत्न करू नये, त्यांनाच विचारावं. दुसरं, ज्या खात्यातून तुम्ही तो प्रोग्रॅम वापरत होता त्याच खात्यात लॉगिन केलेलं असायला हवं, कारण ॲपडेटा प्रत्येक खात्याचा वेगळा असतो. तिसरं, तुम्ही विंडोज 10 किंवा 11 वापरत असाल असा अंदाज आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल पुढे थोडं लिहिलंय. आणि खाली कमांड व पत्ते देवनागरीत लिहिले असले तरी टाइप करताना नेहमीचं इंग्रजी स्पेलिंगच वापरायचं.

आता 'लपलेला' म्हणजे नेमकं काय. प्रत्येक फाइलच्या आणि फोल्डरच्या नोंदीत काही खुणा असतात: फक्त वाचायची, लपलेली, सिस्टिमची, बॅकअप घ्यायची राहिलेली, वगैरे. ही पद्धत विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळापासूनची. तेव्हा मशीन सुरू करणाऱ्या आयओ डॉट सिस आणि एमएसडॉस डॉट सिस या दोन फाइल्सवर 'लपलेली' आणि 'सिस्टिमची' अशा दोन्ही खुणा असायच्या, म्हणजे कुणी चुकून पुसू नये. आजच्या एनटीएफएसमध्येही, म्हणजे विंडोज डिस्कवर फाइल्स ज्या पद्धतीने मांडतं तिच्यात, त्याच खुणा त्याच आकड्यांनी नोंदल्या जातात, लपलेल्यासाठी 2 आणि सिस्टिमसाठी 4. खूण लावल्याने फाइल जागची हलत नाही, बंद होत नाही आणि सुरक्षितही होत नाही. फाइल एक्सप्लोरर यादी दाखवताना ती खूण बघतो आणि तेवढं नाव गाळतो, बस. तुमचा प्रोग्रॅम तर रोज तिथे जाऊन वाचतोय, लिहितोय.

एक्सप्लोररचे नियम दोन आहेत. नुसती 'लपलेली' खूण असेल तर 'हिडन आयटम्स' या पर्यायावर टिक केली की फोल्डर दिसतो. 'लपलेली' आणि 'सिस्टिमची' अशा दोन्ही खुणा एकत्र असतील तर ती टिक पुरत नाही. त्यासाठी वेगळा पर्याय आहे, आणि तो बदलताना विंडोज इशाराही देतं. तुमचा ॲपडेटा पहिल्या गटात आहे. दुसरा पर्याय तुम्हाला उघडायची गरजच नव्हती, आणि तो उघडल्यामुळेच ते 'भलतेच' फोल्डर समोर आले.

पहिला पर्याय विंडोज 11 मध्ये एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत व्ह्यू, त्यात शो, त्यात हिडन आयटम्स असा सापडतो. विंडोज 10 मध्ये व्ह्यू टॅबवर सरळ चौकटच आहे. टिक केल्यावर फिकट रंगाच्या चिन्हांचे फोल्डर दिसायला लागतात. तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा, आणि सी ड्राइव्हच्या मुळाशी प्रोग्रॅमडेटा. पहिल्यात तुमच्या एकट्याच्या खात्याचं सामान, दुसऱ्यात त्या मशीनवरच्या सगळ्या खात्यांसाठी सामाईक. काही प्रोग्रॅम परवाना आणि सामाईक सेटिंग्ज प्रोग्रॅमडेटामध्ये ठेवतात, म्हणून शोधताना दोन्ही बघायचे.

पण खरं सांगायचं तर मी स्वतः हा पर्याय फार क्वचित चालू करतो. फोल्डर डोळ्यांनी शोधण्यापेक्षा त्याचा पत्ता टाइप करणं कितीतरी सोपं, कारण पत्ता माहीत असला की तो लपलेला आहे की नाही याने काहीच फरक पडत नाही. विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, रन नावाची छोटी चौकट येईल. तिथे %ॲपडेटा% असं, म्हणजे दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह आणि मध्ये जागा न सोडता, लिहून एंटर करा. फोल्डर उघडेल. कुठलाही पर्याय बदलावा लागला नाही आणि नंतर पूर्ववत करायलाही काही उरलं नाही. एक्सप्लोररच्या वरच्या पत्त्याच्या पट्टीतही हेच चालतं.

इथे एक जागा अशी आहे जिथे जवळजवळ प्रत्येक जण अडखळतो. %ॲपडेटा% लिहिल्यावर जो फोल्डर उघडतो तो ॲपडेटा नसतो, त्याच्या आतला रोमिंग असतो. वरच्या पट्टीत बघा, शेवटचं नाव रोमिंग दिसेल. तिथून ॲपडेटावर क्लिक करून एक पायरी वर गेलात की तीन फोल्डर दिसतात: लोकल, लोकललो आणि रोमिंग. सूचनांमध्ये 'ॲपडेटाच्या आत लोकलमध्ये जा' असं लिहिलेलं असतं, माणूस रोमिंगमध्ये उभा राहून लोकल शोधतो आणि मिळत नाही म्हणून वैतागतो. लोकलमध्ये थेट जायचं तर %लोकलॲपडेटा% लिहा.

या तिघांचा फरक तुमच्या कामाचा आहे. मोठ्या संस्थांमध्ये एकाच माणसाला वेगवेगळ्या मशीनवर बसावं लागतं. त्याची सेटिंग्ज सर्व्हरवर ठेवून तो जिथे लॉगिन करेल तिथे आणायची सोय असते, आणि त्यासाठी जे सोबत फिरवायचं ते रोमिंगमध्ये. जे त्या मशीनपुरतंच आहे, किंवा इतकं मोठं आहे की फिरवणं परवडणार नाही, ते लोकलमध्ये. ब्राउझरचा कॅशे, म्हणजे पुन्हा लागेल म्हणून तात्पुरता साठवलेला मजकूर, हे त्याचं ठळक उदाहरण. लोकललो हा मुद्दाम कमी अधिकार देऊन चालवलेल्या प्रोग्रॅमांसाठी आहे, आणि युनिटी या इंजिनावर बनवलेले पुष्कळ गेम आपली प्रगती तिथेच साठवतात. घरच्या मशीनवर सर्व्हर नसला तरी प्रोग्रॅम लिहिणारे साधारण हीच वाटणी पाळतात. साधारण म्हणतो, कारण सगळे पाळत नाहीत. क्रोमचं संपूर्ण प्रोफाइल, बुकमार्कसकट, लोकलमध्ये असतं. फायरफॉक्सचं रोमिंगमध्ये. म्हणून एका ठिकाणी नाही मिळालं तर दुसरीकडे बघायचंच.

टक्क्यांचा पत्ता ज्या खात्याने प्रोग्रॅम चालवलाय त्याच्याकडे नेतो, हेही ध्यानात असू द्या. तुमचं रोजचं खातं साधं असेल आणि कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, दुसऱ्या ॲडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड देऊन उघडला असेल, तर तिथे %ॲपडेटा% त्या दुसऱ्या खात्याचा असेल. फोल्डर सापडला पण रिकामा निघाला, असं झालं तर आधी पत्त्यातलं नाव तपासा.

सर्चमध्ये काही का आलं नाही? विंडोजचा शोध बराचसा आधी तयार करून ठेवलेल्या सूचीवर चालतो आणि त्या सूचीतून ॲपडेटा व प्रोग्रॅमडेटा मुळातच वगळलेले असतात. तिथल्या हजारो बारीक फाइल्स सतत बदलत असतात, त्या सूचीत घेतल्या तर मशीनला दुसरं कामच उरणार नाही. त्यामुळे स्टार्ट मेन्यूतल्या शोधात काही न मिळणं म्हणजे फाइल नाही, असं धरू नका. खात्रीने शोधायचं तर कमांड प्रॉम्प्टमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये उभं राहून 'डीआयआर /ए /एस /बी' आणि पुढे फाइलचं नाव लिहा. /ए मुळे लपलेल्याही फाइल्स धरल्या जातात, /एस मुळे आतले सगळे फोल्डर, आणि /बी मुळे नुसते पूर्ण पत्ते छापले जातात. /ए विसरलात तर डीआयआरसुद्धा लपलेलं गाळतो.

आता दुसऱ्या गटाकडे येऊ. तुम्ही फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' यावरची टिक काढलेली दिसते. त्यानंतर डेस्कटॉपवर डेस्कटॉप डॉट आयएनआय नावाच्या दोन फिकट फाइल्स आल्या असतील. एक तुमच्या डेस्कटॉपची, एक सगळ्यांच्या सामाईक डेस्कटॉपची. व्हायरस समजून त्या पुसणारे पुष्कळ आहेत. तो व्हायरस नव्हे. फोल्डरचं चिन्ह आणि दाखवायचं नाव त्यात लिहिलेलं असतं. सी ड्राइव्हच्या मुळाशी पेजफाइल डॉट सिस, स्वॅपफाइल डॉट सिस आणि हायबरफिल डॉट सिस दिसतील. पहिली दोन मेमरीला पूरक म्हणून, तिसरी हायबरनेट करताना मेमरीतला मजकूर डिस्कवर ठेवण्यासाठी. सगळे फोल्डर निवडून बेरीज केली तरी ड्राइव्हची भरलेली जागा त्याहून कितीतरी जीबी जास्त दिसते, अशी तक्रार नेहमी येते. त्यातला मोठा वाटा बहुधा या फाइल्सचा आणि 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' या फोल्डरचा असतो. यातलं काहीही हाताने पुसायचं नसतं. हायबरनेट नकोच असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' लिहा, ती फाइल विंडोज स्वतःच काढून टाकतं. फास्ट स्टार्टअप मात्र त्यासोबत बंद होतं.

म्हणून हा दुसरा पर्याय आता लगेच पूर्ववत करा, टिक परत लावा. ती काढलेली असताना एखाद्या फोल्डरमधलं सगळं निवडून डिलीट केलं तर एरवी हाताला लागलं नसतं तेही निवडीत येतं.

आता 'ॲक्सेस इज डिनाइड'. विंडोज एक्सपीच्या काळात खात्यांचं सामान 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज' या फोल्डरमध्ये असायचं आणि प्रोग्रॅमांचा डेटा त्यातल्या 'ॲप्लिकेशन डेटा'मध्ये. व्हिस्टामध्ये ही रचना बदलली. यूझर्स आला, ॲपडेटा आला. पण जुन्या पत्त्यावर जाणारे असंख्य प्रोग्रॅम लोकांकडे होते. ते मोडू नयेत म्हणून जुन्या नावांच्या जागी जंक्शन ठेवले. जंक्शन फोल्डरसारखा दिसतो, पण तो रस्त्यावरच्या पाटीसारखा आहे: स्वतःत काही नाही, फक्त नव्या जागेकडे बोट. 'ॲप्लिकेशन डेटा' हा रोमिंगकडे नेतो, 'लोकल सेटिंग्ज' लोकलकडे, 'माय डॉक्युमेंट्स' डॉक्युमेंट्सकडे. चिन्हाच्या कोपऱ्यात छोटा बाण दिसेल. खात्री करायची तर कमांड प्रॉम्प्टमध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये 'डीआयआर /एएल' लिहा. प्रत्येकापुढे जंक्शन असा शब्द आणि चौकटी कंसात त्याचा खरा पत्ता छापून येतो. ते एकदा करून बघाच, सगळा उलगडा त्या एका पडद्यावर होतो.

मग तिथे प्रवेश का नाकारला जातो? कारण त्या जंक्शनवर 'सगळ्यांना यादी बघायला मनाई' असा नियम मुद्दाम लावलेला आहे. त्यातून पलीकडे जाऊन एखादी फाइल उघडता येते, पण 'आत काय काय आहे' हे विचारता येत नाही. आणि हे किती विचारपूर्वक केलंय ते लोकल फोल्डरमध्ये कळतं. तिथेही 'ॲप्लिकेशन डेटा' नावाचा एक जंक्शन आहे आणि तो चक्क लोकलकडेच, म्हणजे स्वतःच्या बाहेरच्या फोल्डरकडे परत नेतो. मनाई काढली आणि मग सगळं कॉपी करायला घेतलं, तर कॉपी करणारा प्रोग्रॅम लोकलमधून ॲप्लिकेशन डेटामध्ये जातो, तिथे त्याला परत लोकलमधलं सगळं दिसतं, त्यात परत ॲप्लिकेशन डेटा, त्यात परत तेच. पत्ता लांबत जातो, बॅकअपची डिस्क त्याच त्या फाइल्सनी भरत जाते, आणि एवढे लांब पत्ते झालेले फोल्डर नंतर साध्या डिलीटने जातही नाहीत. तुम्ही मालकी घेऊन परवानग्या बदलल्या असत्या तर नेमकं हेच दार उघडलं असतं. रोबोकॉपी ही विंडोजचीच कॉपी करायची कमांड वापरणार असाल तर त्याला /एक्सजे जरूर द्या, म्हणजे तो जंक्शन सोडून देतो.

न उघडणाऱ्या फोल्डरांचा दुसरा प्रकार म्हणजे खरोखर राखीव ठेवलेले. 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन'मध्ये रिस्टोअर पॉइंट (विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्यासाठीच्या नोंदी) वगैरे असतात आणि तिथे फक्त सिस्टिम या अंतर्गत खात्याला प्रवेश आहे. ॲडमिनिस्ट्रेटरलाही नाही. प्रोग्रॅम फाइल्समधला 'विंडोजॲप्स' हा फोल्डर ट्रस्टेडइन्स्टॉलर या विंडोजच्याच अंतर्गत खात्याच्या मालकीचा आहे. त्याची मालकी ओढून घेतली तर स्टोअरमधून आलेले ॲप उघडेनासे होण्याची किंवा अपडेट अडकण्याची वेळ येते. आणि मालकी परत देणंही वाटतं तितकं सोपं नसतं, कारण आतल्या प्रत्येक फोल्डरच्या परवानग्या आधी काय होत्या याची नोंद कुणी ठेवलेली नसते. रिस्टोअर पॉइंटनी जास्त जागा खाल्ली असेल तर सिस्टिम प्रोटेक्शनच्या सेटिंगमध्ये त्यांची मर्यादा कमी करता येते, फोल्डरला हात लावायची गरज नाही.

तिसरा प्रकार दुसऱ्या खात्याच्या फोल्डरचा. तिथे विंडोज विचारतं, 'सध्या परवानगी नाही, कंटिन्यू करायचं का?' हे वाक्य वाचून वाटतं की तेवढ्यापुरतं उघडेल. तसं नाही. कंटिन्यू दाबल्यावर तुमच्या खात्याचं नाव त्या फोल्डरच्या परवानग्यांत कायमचं लिहिलं जातं. स्वतःच्या घरच्या मशीनवर ते चालेल, पण काय होतंय ते माहीत असावं.

मालकी घेणं योग्य ठरतं अशी एक परिस्थिती मात्र आहे. जुनं मशीन बंद पडलंय, त्याची डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली आहे आणि तिच्यावरचा तुमच्याच नावाचा फोल्डर उघडत नाही. नव्या मशीनला 'तुमचं नाव' कळत नाही. परवानग्या नावावर नसतात, खात्याच्या एका लांबलचक ओळख क्रमांकावर असतात, आणि नव्या मशीनवर तो क्रमांक वेगळा आहे. त्या डिस्कवरून विंडोज चालत नाहीये, त्यामुळे बिघडण्यासारखंही काही नाही. तेव्हा फक्त तेवढ्या फोल्डरची मालकी घ्या, पूर्ण ड्राइव्हची नको. फाइल्स एन्क्रिप्ट केलेल्या असतील तर मालकी घेऊनही त्या उघडणार नाहीत, त्यासाठी मूळ किल्लीच लागते. तुमचं जुनं मशीन चालू आहे, त्यामुळे तुम्हाला यातलं काही करावं लागणार नाही.

पेनड्राइव्हवरचे फोल्डर अचानक गायब होऊन त्यांच्या जागी शॉर्टकट दिसायला लागले, हाही याच कुटुंबातला प्रश्न, आणि तो वारंवार येतो म्हणून इथेच लिहितो. हे एका प्रकारच्या व्हायरसचं काम. तो तुमच्या खऱ्या फोल्डरांना 'लपलेली' आणि 'सिस्टिमची' अशा दोन्ही खुणा लावतो आणि त्याच नावाचे खोटे शॉर्टकट ठेवतो. प्रॉपर्टीजमध्ये जाऊन हिडनची टिक काढायला जावं तर ती चौकट करड्या रंगाची, हलतच नाही. सिस्टिमची खूण असताना ती तशीच असते. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने ड्राइव्ह तपासून घ्या, मग कमांड प्रॉम्प्टमध्ये 'ॲट्रिब -एच -एस /एस /डी ई:\*' लिहा, ई च्या जागी तुमच्या पेनड्राइव्हचं अक्षर. फोल्डर जसेच्या तसे परत येतात. त्या सोबत 'सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन' दिसला तर घाबरू नका, तो विंडोजनेच बनवलेला असतो.

आता तुमच्या मूळ कामाकडे, म्हणजे सामान नव्या लॅपटॉपवर न्यायचं कसं. संपूर्ण ॲपडेटा उचलून नव्या मशीनवर टाकायचा मोह होतो, तो टाळा. त्यात जुन्या मशीनपुरते कॅशे, तिथल्या डिस्प्लेची आणि प्रिंटरची माहिती, काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांचे अवशेष असं सगळं असतं, आणि नव्या विंडोजच्या स्वतःच्या फाइल्सवर ते जाऊन बसलं तर स्टार्ट मेन्यूसारख्या साध्या गोष्टीही बिघडू शकतात. ज्या प्रोग्रॅमचं हवंय तेवढाच फोल्डर घ्या. वनड्राइव्हचा बॅकअप चालू आहे म्हणून निश्चिंत असाल तर तेही नको. तो डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स यांसारखे फोल्डर घेतो, ॲपडेटा घेत नाही.

नेमका फोल्डर कोणता हे बरेचदा प्रोग्रॅमच सांगतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:सपोर्ट' लिहिलं की प्रोफाइल फोल्डरसमोर तो उघडण्याचं बटणच असतं. क्रोममध्ये 'क्रोम://व्हर्जन' लिहिलं की प्रोफाइल पाथ या ओळीत पूर्ण पत्ता मिळतो. ज्यात अशी सोय नाही तिथे मी असं करतो: प्रोग्रॅममध्ये एखादं साधं सेटिंग बदलतो, प्रोग्रॅम बंद करतो, मग रोमिंग आणि लोकलमध्ये त्या कंपनीच्या किंवा प्रोग्रॅमच्या नावाचा फोल्डर उघडून आतल्या फाइल्स तारखेप्रमाणे लावतो. आत्ताची वेळ ज्या फाइलवर आहे, तीच आपली. मात्र बाहेरच्या फोल्डरच्या तारखेवर विसंबू नका. फोल्डरची तारीख त्यात थेट काही नवीन आलं, गेलं किंवा नाव बदललं तरच हलते. आतल्या फाइलमधला मजकूर बदलला म्हणून बाहेरच्या फोल्डरची तारीख बदलत नाही. त्यामुळे वर जुनी तारीख आणि आत आजची फाइल, हे नेहमीचं चित्र आहे.

अशी कुठलीच फाइल सापडली नाही तर सेटिंग्ज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या सामाईक नोंदवहीत, असण्याची शक्यता आहे. तुमच्या खात्याची रजिस्ट्री एनटीयूझर डॉट डॅट या लपलेल्या फाइलमध्ये असते, पण ती तुम्ही लॉगिन असताना कॉपी होत नाही आणि एरवीही नव्या मशीनवर नेऊन ठेवायची नसते. तेव्हा प्रोग्रॅममध्येच एक्स्पोर्ट किंवा बॅकअपचा पर्याय आहे का ते बघा. खरं तर तो पर्याय असेल तर फोल्डर कॉपी करण्याआधी तोच वापरावा. ब्राउझरच्या बाबतीत तर नक्कीच. क्रोममध्ये साठवलेले पासवर्ड तुमच्या त्या मशीनवरच्या विंडोज खात्याशी बांधून एन्क्रिप्ट केलेले असतात. प्रोफाइलचा फोल्डर नव्या लॅपटॉपवर टाकला तर बुकमार्क येतील, पासवर्ड येणार नाहीत. ते एक्स्पोर्ट करून किंवा सिंकनेच न्यावे लागतात.

मॅक असता तर उत्तर बरंच छोटं झालं असतं. तिथे ॲपडेटाच्या जागी होम फोल्डरमधला लायब्ररी आहे, आणि 2011 मधल्या लायन या आवृत्तीपासून तो लपवलेला असतो. फाइंडरमध्ये ऑप्शन दाबून ठेवून गो मेन्यू उघडला की लायब्ररी यादीत येतो. बाकी लपलेल्या फाइल्स कमांड, शिफ्ट आणि पूर्णविराम एकदम दाबून दाखवता येतात, परत तेच दाबलं की जातात. सेटिंग्ज सहसा ॲप्लिकेशन सपोर्ट, प्रेफरन्सेस किंवा कंटेनर्स यांपैकी एकात मिळतात. 2018 मधल्या मोहावेपासून मेलसारख्या काही फोल्डरांना वेगळं संरक्षण आहे. टर्मिनलमधून ते वाचायचे तर प्रायव्हसी सेटिंगमध्ये त्याला फुल डिस्क ॲक्सेस द्यावा लागतो.

लिनक्समध्ये खूण वगैरे नाहीच. नावाची सुरुवात टिंबाने झाली की ती फाइल यादीत गाळली जाते, एवढाच नियम. युनिक्सवर काम केलेल्या रॉब पाइक यांनी 2012 मध्ये लिहिलं होतं, की मुळात एलएस या कमांडला 'हा फोल्डर' आणि 'वरचा फोल्डर' दाखवणाऱ्या एक टिंब आणि दोन टिंब या नोंदी गाळायच्या होत्या. तपासणी फक्त पहिल्या अक्षराची केली गेली आणि टिंबाने सुरू होणारं सगळंच लपायला लागलं. फाइल मॅनेजरमध्ये बहुतेक ठिकाणी कंट्रोल आणि एच, टर्मिनलमध्ये 'एलएस -ए'. सेटिंग्ज साधारणपणे टिंब-कॉन्फिगमध्ये, डेटा टिंब-लोकलच्या आत शेअरमध्ये, आणि टिंब-कॅशे तर न्यायचं कारणच नाही.

तर तुमच्यासाठी क्रम असा. सिस्टिम फाइल्स लपवण्याची टिक परत लावा. रन चौकटीत %ॲपडेटा% लिहून रोमिंग उघडा, तुमच्या प्रोग्रॅमचा फोल्डर शोधा, नसेल तर लोकल आणि प्रोग्रॅमडेटा बघा. कॉपी करण्याआधी प्रोग्रॅम पूर्ण बंद करा. घड्याळाशेजारच्या चिन्हांमध्ये तो अजून बसलेला असेल तर तिथूनही, नाहीतर अर्धवट लिहिलेली फाइल कॉपी होऊ शकते. नव्या लॅपटॉपवर शक्यतो तोच प्रोग्रॅम त्याच आवृत्तीचा बसवा, एकदा उघडून बंद करा म्हणजे तो स्वतःचा फोल्डर तयार करेल. त्या फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा, तुमचा जुना त्याच्या जागी ठेवा आणि मग प्रोग्रॅम उघडा. साचे दिसले, एखादा उघडून जतन करता आला, की काम झालं. काही बिनसलं तर बाजूला ठेवलेला फोल्डर परत जागेवर आणता येतो. जुनी डिस्क मात्र हे सगळं स्वतः उघडून बघेपर्यंत फॉरमॅट करू नका.